भग्न वास्तूंचीं छायाचित्रें आणि इतिहासाचें प्रमाण

ओसाड पडलेल्या वाड्यांत, बंद गिरण्यांत, गाडी न येणाऱ्या स्टेशनांत कॅमेरा घेऊन शिरावयाचें, तेथील पडझडीचीं चित्रें घ्यावयाचीं आणि तीं ग्रंथरूपानें किंवा प्रदर्शनांत मांडावयाचीं, हा छंद गेल्या तीस-चाळीस वर्षांत यूरोप-अमेरिकेंत फार वाढला असून आतां आपल्या इकडेहि त्याचे उपासक दिसूं लागले आहेत. या चित्रांकडे कलेच्या दृष्टीनें पाहणारे टीकाकार पुष्कळ आहेत. आमचें काम निराळें आहे. जुना कागद हातीं आला म्हणजे तो कोणीं लिहिला, केव्हां लिहिला, कोणत्या प्रसंगानें लिहिला, हें प्रथम विचारावयाचें आणि मग त्यांतील मजकुरावर विश्वास ठेवावयाचा, ही संशोधकाची संवय आहे. भग्न वास्तूचें छायाचित्र हाहि एक कागदच होय. त्यास हेच प्रश्न विचारले असतां तें काय उत्तर देतें, एवढेंच प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

या परीक्षेसाठीं आम्हीं अमेरिकेंतील डेट्रॉइट हें शहर घेतलें आहे. कारण अर्वाचीन काळीं ज्या शहरांच्या पडझडीचीं चित्रें विपुल निघालीं, त्यांत याचा क्रम अगदीं वरचा आहे. मोटारींच्या धंद्यावर हें शहर वाढलें. १९५० च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या १८,४९,५६८ होती; २०१० सालीं ती ७,१३,७७७ भरली. १८ जुलै २०१३ रोजीं शहराच्या कारभाराच्या वतीनें दिवाळखोरीचा अर्ज न्यायालयांत दाखल झाला. अमेरिकेंत तोंपर्यंत एवढ्या मोठ्या शहराचें दिवाळें निघालें नव्हतें. या अर्जाच्या तीन वर्षें आधीं, म्हणजे २०१० सालीं, डेट्रॉइटच्या अवशेषांवर दोन मोठे चित्रग्रंथ प्रसिद्ध झाले. पहिला ईव्ह मार्शां व रोमें मेफ्र या पॅरिसच्या दोघां छायाचित्रकारांचा ‘द रुइन्स ऑफ डेट्रॉइट’, आणि दुसरा अँड्र्यू मूर यांचा ‘डेट्रॉइट डिसअसेंबल्ड’. या विषयावरील पुढील बहुतेक वाद या दोन ग्रंथांभोंवतीं फिरला आहे.

गुण प्रथम सांगणें न्यायाचें आहे. हे दोन्ही ग्रंथ उथळ कुतूहलानें केलेले नाहींत. मार्शां व मेफ्र २००५ पासून या शहरांत काम करीत होते. मोठ्या काचेच्या कॅमेऱ्यानें, सावकाश, तिवईवर घेतलेलीं हीं चित्रें इतकीं स्पष्ट आहेत कीं, भिंतीवरील रंगाचे पापुद्रे मोजावे. छताच्या गिलाव्याचें काम, जिन्याचे कठडे, यंत्रशाळांची रचना या गोष्टी पुढील शोधकास या चित्रांतून मिळतील, आणि ज्या इमारती मागाहून पाडल्या गेल्या त्यांच्या बाबतींत तर हाच पुरावा उरेल. एवढें ऋण मान्य केल्यावांचून टीका करूं नये. परंतु स्पष्ट चित्र आणि खरी साक्ष या दोन वस्तु एक नव्हेत. अक्षर वळणदार असलें म्हणून पत्र अस्सल ठरत नाहीं.

उदाहरणें घेऊं. मूर यांचें एक चित्र सर्वत्र प्रसिद्ध आहे. कॅस टेक्निकल हायस्कूल या शाळेच्या जुन्या इमारतींतील भिंतीवरचें घड्याळ. त्याची तबकडी वितळून खालीं ओघळली आहे. पाहणारास वाटतें कीं, येथें काळच विरघळला आणि विद्येचें हें स्थान कायमचें संपलें. वस्तुस्थिति अशी कीं, ही शाळा २००५ सालीं लगतच बांधलेल्या नव्या इमारतींत गेली व तेथें ती चालू राहिली. मागें उरलेली रिकामी इमारत २०११ सालीं पाडली गेली. म्हणजे चित्रांत जें दिसतें तें एका शाळेनें टाकलेलें जुनें घर आहे. चित्र पाहून मात्र शाळाच मेली असें वाटतें. घड्याळ खोटें नाहीं, वितळणें खोटें नाहीं. पण त्यांवरून वाचक जो निष्कर्ष काढतो तो खोटा आहे, आणि तो काढूं नये अशी कोणतीहि खूण चित्रांत नाहीं.

दुसरें उदाहरण मिशिगन थिएटराचें. सुमारें चार हजार प्रेक्षकांचें हें भव्य नाट्यगृह १९२६ सालीं बांधलें गेलें आणि १९७६ सालीं बंद पडलें. तें समूळ पाडावें तर त्यास जोडून असलेल्या कचेऱ्यांच्या इमारतीस धोका. आणि त्या इमारतींतील भाडेकऱ्यांस तर मोटारी ठेवावयास जागा हवी. तेव्हां आंतील खुर्च्या व सज्जे काढून तेथें मोटारी उभ्या करण्यासाठीं काँक्रीटचे मजले घालण्यांत आले. वर नक्षीचें फुटकें छत, खालीं मोटारींच्या रांगा, असें हें दृश्य छायाचित्रकारांस फार आवडतें. अवशेषांच्या मालिकेंत तें येतें. पण हें ठिकाण ओसाड नव्हतें. तें रोज वापरांत होतें, भाडें देत होतें. शिवाय हेन्री फोर्ड यानें १८९६ सालीं आपली पहिली मोटार ज्या लहानशा कारखान्यांत जुळविली, तो याच जागेवर होता. मोटारीच्या जन्मस्थानीं नाट्यगृह उठलें आणि मोटारीनेंच तें गिळलें, ही खरी कथा आहे. ती विषण्णतेहून अधिक बोधप्रद आहे. परंतु ती चित्रांतून कळत नाहीं, कागदपत्रांतून कळते.

तिसरें उदाहरण मिशिगन सेंट्रल स्टेशनाचें. डिसेंबर १९१३ मध्यें हें स्टेशन सुरू झालें. न्यूयॉर्कचें ग्रँड सेंट्रल स्टेशन ज्यांनीं आंखलें त्याच वास्तुशास्त्रज्ञांच्या दोन संस्थांनीं हेंहि आंखलें. ५ जानेवारी १९८८ रोजीं येथून शेवटची आगगाडी सुटली. त्यानंतर तीस वर्षें ही अठरा मजली फुटक्या खिडक्यांची इमारत मृत डेट्रॉइटचें चिन्ह म्हणून जगभर मिरविली गेली. २००९ सालीं नगरसभेनें ती पाडण्याचा ठराव केला. तो अंमलांत आला नाहीं एवढेंच दैव. २०१८ सालीं फोर्ड कंपनीनें ती विकत घेतली, आणि दुरुस्ती होऊन ६ जून २०२४ रोजीं ती लोकांस पुन्हा खुली झाली. जी वास्तु हजार चित्रांनीं मृत म्हणून घोषित केली होती, ती केवळ आजारी होती. या उदाहरणाचा धडा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या वास्तूस सर्वांनीं प्रेत म्हटलें तिच्या औषधासाठीं पैसा कोण देईल? नगरसभेचा ठराव चित्रांमुळें झाला असें आम्ही म्हणत नाहीं. त्यास पुरावा पाहिजे. परंतु ज्या समजुतीवर असे ठराव सहज होतात ती समजूत अशीं चित्रें पोसतात, यांत संशय नाहीं.

स्टेशनाच्या शेजारचीच एक इमारत पाहून संशोधकाच्या पोटांत कालवेल. ॲल्बर्ट कान यानें टपालकचेरी म्हणून १९३६ सालीं बांधलेली ही इमारत पुढें शाळाखात्याचें पुस्तकांचें कोठार झाली. १९८७ सालीं तेथें आग लागली; उरलेलीं पुस्तकें व सामान तेथेंच टाकून देण्यांत आलें. वर्षानुवर्षें पावसांत कुजून त्या पुस्तकांची माती झाली, आणि त्या मातींत झाडें रुजलीं. हें दृश्य अनेकांनीं टिपलें आहे. या प्रांतांत दफ्तरांचीं रुमाल वाळवीच्या तोंडून ओढून काढण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांच्या परंपरेंतील माणसास हें चित्र पाहून पहिला प्रश्न सुचतो तो असा: हीं पुस्तकें उचलून नेण्याचें काम कोणाचें होतें आणि तें कां झालें नाहीं? चित्रकार येथें झाड दाखवितो. हिशेब दाखवीत नाहीं. कुजण्याचें काम पावसानें केलें. टाकून देण्याचें काम माणसांनीं केलें. हीच इमारत २०२३ सालीं नव्या उद्योगांचें घर म्हणून पुन्हा उघडली, तेव्हां ती वांचविणें अशक्य होतें असेंहि म्हणतां येत नाहीं.

आतां या चारी उदाहरणांतून निघणारा आमचा मुख्य आक्षेप मांडतों. भग्न वास्तूचें चित्र कार्य दाखवितें व कारण झांकतें. वेली, गंज, ओल, धूळ हीं निसर्गाचीं कृत्यें चित्रांत दिसतात. कारखाना दुसरीकडे नेण्याचा निर्णय, कर्ज नाकारणारी पेढी, वस्ती वेगळी ठेवणारा करार, यांपैकीं एकहि गोष्ट चित्रांत दिसत नाहीं. त्यामुळें जें मनुष्यकृत आहे तें दैवगतीसारखें भासूं लागतें, आणि दैवगतीस जबाबदार कोणीच नसतो. रोमच्या किंवा विजयनगरच्या अवशेषांकडे पाहून सुटणारा उसासा मग त्या शहराकडे पाहून सुटतो, जेथें २०१० सालीं सात लाखांवर माणसें राहत होतीं आणि त्यांत शेंकडा ८२ हून अधिक कृष्णवर्णीय होतीं. चित्रांत तीं बहुतकरून नाहींत. जिवंत माणसांच्या शहरास त्यांच्या डोळ्यांदेखत अवशेष म्हणणें हा केवळ रसिकतेचा दोष नव्हे. तो वस्तुस्थितीचा विपर्यास आहे.

कारणें अज्ञात आहेत असेंहि नाहीं. टॉमस सग्रू या इतिहासकारानें १९९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत डेट्रॉइटच्या ऱ्हासाचीं मुळें खणून काढलीं आहेत. या शहराचा नाश १९६७ च्या दंगलीनें झाला, अशी सर्वसाधारण समजूत होती. त्या दंगलींत ४३ माणसें मेलीं हें खरेंच. परंतु सग्रू यांनीं दाखविलें कीं, ऱ्हास त्यापूर्वीं दोन दशकें सुरू झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाने शहराबाहेर व दूरच्या प्रांतांत जाऊं लागले, यंत्रांनीं माणसांचीं कामें घेतलीं, आणि कृष्णवर्णीय कुटुंबांस चांगल्या वस्तींत घर मिळूं नये म्हणून कायदा, करार व दांडगाई या तिन्हींचा उपयोग झाला. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. मार्शां व मेफ्र यांच्या ग्रंथांत याच सग्रू यांचा निबंध छापलेला आहे. मूर यांच्या ग्रंथासहि डेट्रॉइटांत जन्मलेल्या फिलिप लेव्हीन या कवीचा लेख जोडला आहे. तेव्हां इतिहास वगळला असा आरोप करतां येणार नाहीं. दोष असा कीं, निबंध एकीकडे आणि चित्रें दुसरीकडे राहिलीं. ग्रंथ थोड्यांनीं घेतला. चित्रें निबंध मागें टाकून वर्तमानपत्रांतून व पडद्यांवरून साऱ्या जगभर गेलीं. मायना व मिती फाटून गेलेलें पत्र हातोहात फिरावें तशी त्यांची गत झाली.

यावर असें उत्तर येईल कीं, चित्रकार हा कलावंत आहे. त्यास कारकुनाचीं कर्तव्यें लावूं नयेत. हें म्हणणें आम्ही अर्धें मान्य करतों. कलावंतानें वाटेल तें रचावें. पण त्यानें ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एका खऱ्या शहराचें नांव घातलें कीं, तो साक्षीदाराच्या जागीं उभा राहिला. साक्षीदारानें उलटतपासणीस तोंड दिलेंच पाहिजे.

आणि दुसरी रीत शक्य आहे, हेंहि एका छायाचित्रकारानेंच दाखविलें आहे. चिलींत १९४४ सालीं जन्मलेले कामिलो होसे व्हेर्गारा हे १९७० नंतरच्या दशकापासून अमेरिकेंतील गरीब वस्त्यांचीं चित्रें घेत आले. त्यांची पद्धति अशी कीं, एका जागीं एकदां चित्र घ्यावयाचें आणि कांहीं वर्षांनीं त्याच जागीं, शक्य तर त्याच कोनांतून, पुन्हा घ्यावयाचें. असें तेंच घर दहा-वीस वर्षें पाहिलें असतां दुकानाचें प्रार्थनामंदिर होतें, मंदिराचें कोठार होतें, कोठार जळतें, मोकळ्या जागेवर भाजीचा मळा उठतो. एकटें चित्र बखरीसारखें असतें. मितीवार मालिका शकावलीसारखी होते. व्हेर्गारा यांच्या हातूनहि चूक झाली नाहीं असें नव्हे. १९९५ सालीं त्यांनीं डेट्रॉइटच्या मध्यभागांतील रिकाम्या उत्तुंग इमारती तशाच अवशेषरूपानें राखून अमेरिकेचें अक्रॉपोलिस करावें, अशी सूचना केली. ती त्या शहरच्या लोकांस झोंबली, आणि तें साहजिकच होतें. ज्यांस त्याच रस्त्यानें रोज कामाला जावयाचें आहे त्यांनीं पाहुण्यांच्या उसाशासाठीं पडक्या इमारती कां सांभाळाव्या? तथापि सूचना चुकली म्हणून पद्धति चुकत नाहीं.

अवशेष व कॅमेरा यांचा संबंध आपल्या देशास नवा नाहीं. म्हणून दोन जुने दाखले देतों, एक इशाऱ्याचा व एक अनुकरणाचा. लखनौच्या सिकंदरबागेवर इंग्रजी फौजेचा हल्ला १६ नोव्हेंबर १८५७ रोजीं झाला. फेलीचे बिआटो हा छायाचित्रकार तेथें पोंचला तो १८५८ च्या वसंतांत. त्याच्या प्रसिद्ध चित्रांत भग्न इमारतीपुढें मानवी अस्थि पसरलेल्या दिसतात. कांहीं महिन्यांपूर्वींच्या कत्तलीचीं हाडें अशीं सोयीनें चौकांत कशीं पडलीं असतील? तीं उकरून किंवा हलवून चित्रासाठीं मांडलीं, असें आज अभ्यासक मानतात. वास्तु खरी, हाडें खरीं, कत्तलहि खरी; मांडणी मात्र केलेली. आजचा छंदी मनुष्य ओसाड खोलींत एक खुर्ची खिडकीजवळ सरकवितो किंवा धुळींत एक बाहुली ठेवतो, तेव्हां तो नकळत याच वाटेनें जात असतो.

दुसरा दाखला विजापूरचा. मुंबई सरकारनें १८५५ सालीं तोफखान्यांतील टॉमस बिग्ज या अधिकाऱ्यास पुरातन वास्तूंचीं छायाचित्रें घेण्याच्या कामावर नेमलें. त्याच्यामागून हें काम डॉक्टर पिगू याजकडे आलें. विजापूरच्या चित्रांचा ग्रंथ १८६६ सालीं निघाला, तेव्हां त्यांत नुसतीं चित्रें नव्हतीं. मोजणी करून काढलेले नकाशे होते, मेडोज टेलर यानें लिहिलेला आदिलशाहीचा वृत्तांत होता, आणि जेम्स फर्ग्युसन याचीं वास्तुविषयक टिपणें होतीं. त्या लेखकांचीं मतें आज सर्वस्वीं मान्य होणार नाहींत. परंतु चित्र, माप आणि वृत्तांत हीं एकाच वेष्टनांत बांधण्याची त्यांची शिस्त अजून जुनी झालेली नाहीं.

आपल्या प्रांतांत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. त्यानंतर बंद पडलेल्या गिरण्यांचीं धुराडीं, गंजलेले साचे, छपरांतून येणारे उन्हाचे पट्टे, यांचीं चित्रें पुष्कळ निघालीं आणि त्यांतील कित्येक देखणीं आहेत. पण गिरणगांव कसें होतें हें कळावयास त्यांच्या जोडीस नीरा आडारकर व मीना मेनन यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेला, कामगारांच्या तोंडच्या हकीकतींचा ग्रंथच लागतो. चित्रांत साचा आहे. तो चालविणारा हकीकतींत आहे. पुण्यांतील व इतर गांवांतील पडक्या वाड्यांचीहि आज हीच स्थिति आहे. वाडा पडतो, त्या आधीं कोणी हौशी तरुण आंत शिरून पन्नास चित्रें घेतो, आणि त्यांवर ‘एक विस्मृत वाडा’ एवढेंच लिहितो. वाडा पडल्यावर तीं पन्नास चित्रें कोणत्या वाड्याचीं हें सांगणारें कोणी उरत नाहीं.

ठिकाण न सांगण्यास त्यांच्याजवळ एक कारण असतें, व तें पोकळ नाहीं. ठिकाण प्रसिद्ध केलें कीं चोर येतात. तांब्याच्या तारा, कोरीव तुळ्या, दारांच्या कड्या जातात. म्हणजे इतिहासास नांव हवें, आणि वास्तूच्या रक्षणास नांव झांकलेलें हवें. या पेंचांतून वाट आहे. चित्रें लोकांपुढें निनांवी मांडावीं. पण त्यांची पूर्ण नोंद एखाद्या संशोधनसंस्थेकडे किंवा ग्रंथालयाकडे मोहोरबंद ठेवावी, आणि वास्तु पडल्यावर किंवा सुरक्षित झाल्यावर ती खुली करावी. ऐतिहासिक घराण्यांचीं दफ्तरें अशाच अटींवर पाहावयास मिळतात. छायाचित्रांस ही रीत लावण्यास कांहीं अडचण दिसत नाहीं.

त्या नोंदींत काय असावें? चित्राची मिती, स्थळ व कॅमेऱ्याची दिशा, मालक कोण व त्याची परवानगी होती कीं नाहीं, वास्तु केव्हां व कशामुळें रिकामी झाली, आणि ही माहिती कोणीं सांगितली, चित्रासाठीं आंतील कोणती वस्तु हलविली कीं सर्व जसेंच्या तसें होतें, आणि शेवटीं, तेथें किंवा शेजारीं आज कोण राहतें. हीं सहा कलमें लिहावयास एक पान पुरतें. पुन्हा पांच वर्षांनीं त्याच जागीं उभें राहून एक चित्र अधिक घेतलें तर तो पुरावा दसपट मोलाचा होईल.

हे तरुण आमचे प्रतिपक्षी नाहींत. पडत्या जिन्यावर पाय ठेवण्याचें धाडस, तासन् तास थांबण्याची चिकाटी आणि टाकलेल्या वस्तूविषयीं माया, हे गुण संशोधकाचेच आहेत. त्यांनीं या गुणांच्या जोडीस मितीची शिस्त घेतली, तर उद्यां पाडली जाणारी एकहि भिंत अगदींच मुकी जाणार नाहीं. ज्यांच्यापाशीं अशीं चित्रें आज पडून आहेत त्यांनीं तीं काढून, आठवतें तोंवर, प्रत्येकाच्या पाठीवर जागा व तारीख लिहून ठेवावी, एवढी विनंति करून हें परीक्षण पुरें करतों. आठवणहि वास्तूसारखीच पडत जाते.